पाळी जायची वाट बघताना : मोजायचं काय, थांबायचं किती, दाखवायचं कधी

कातरवेळ
'आता एकदाची जाऊ दे' असं म्हणायला सोपं आहे. पण ती गेली हे ठरवायचं कसं, यातच निम्मा गोंधळ होतो. म्हणून हा धागा. अनुभव लिहायला दुसरे धागे आहेत, इथे फक्त मोजमाप, औषधं आणि कुठे काय चुकतं तेवढंच लिहू या.

सुरुवात व्याख्येपासून. मेनोपॉज म्हणजे शेवटची पाळी, आणि ती शेवटची होती हे मागे वळून बघितल्यावरच कळतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की म्हणायचं, ती शेवटची होती. त्याआधीची जी काही वर्षं धामधुमीत जातात तो पेरीमेनोपॉज. 'माझा मेनोपॉज चालू आहे' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याबद्दलच बोलत असतो.

मोजणीचे नियम सरळ आहेत. ११ महिन्यांनी पाळी आली तर मोजणी पुन्हा शून्यापासून. नुसते डाग दिसले तरीही शून्यापासूनच, तिथे स्वतःला सूट द्यायची नाही. आणि १२ महिने पूर्ण झाल्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी ती 'परत आलेली पाळी' नव्हे. तो तपासून घ्यायचा रक्तस्राव आहे. या वाक्यावर पुढे कुणीतरी सविस्तर लिहा.

बहुतेकींची पाळी ४५ ते ५५ या वयात जाते. ४० ते ४५ मध्ये गेली तर लवकर, ४० च्या आत गेली तर तो वेगळाच विषय. धूम्रपान करणाऱ्यांची साधारण वर्ष-दोन वर्षं आधी जाते.

लोलक
टप्प्यांचं सांगते. २०११ साली तज्ज्ञांनी 'स्ट्रॉ प्लस टेन' नावाची टप्प्यांची मांडणी नक्की केली, डॉक्टर अजून तीच वापरतात. लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत ७ किंवा जास्त दिवसांचा फरक पडू लागला, आणि १० चक्रांच्या आत तसं पुन्हा झालं, की संक्रमणाचा पहिला टप्पा सुरू झाला. मधे ६० किंवा जास्त दिवसांचा खाडा पडला की दुसरा टप्पा. हा दुसरा टप्पा साधारण १ ते ३ वर्षं चालतो.

म्हणजे 'अजून किती दिवस?' याचं जवळात जवळ जाणारं उत्तर ६० दिवसांच्या त्या पहिल्या खाड्यात आहे. तारखा लिहिलेल्या नसतील तर तो खाडा कधी पडला हेच आठवत नाही. कॅलेंडरवर फुली मारा, मोबाईलमध्ये टिपा, काहीही करा. फक्त ॲपने वर्तवलेल्या पुढच्या तारखेवर या वयात विश्वास ठेवू नका. ते मागच्या चक्रांची सरासरी काढतं, आणि इथे सरासरीच मोडलेली असते.

अबोली४७
प्रश्न : पाळी जायच्या बेताला ती विरळ व्हायला हवी ना? मग आधी २१-२२ दिवसांनीच का यायला लागते, आणि जास्त का जाते?

लोलक
@अबोली४७, विरळ होते ती शेवटी. आधी उलट होतं. बीजकोशांतला बीजांचा साठा जन्मापासून फक्त घटतच असतो : जन्मताना १० ते २० लाख, वयात येताना ३-४ लाख, आणि पाळी जाते तेव्हा हजाराच्या आसपास. साठा उतरला की बीजकोशातून येणारं इनहिबिन बी नावाचं हार्मोन कमी होतं. मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीवरचा लगाम सुटतो आणि ती एफएसएच (बीज पिकवणारं हार्मोन) जास्त सोडते. जास्त एफएसएचमुळे बीज लवकर पिकतं, म्हणून चक्राचा पहिला अर्धा भाग आखडतो. २८ चे २३ दिवस होतात ते असे.

पुढे काही महिने बीज फुटतच नाही. बीज फुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र चालू असतं, कधीकधी तर आधीपेक्षाही वर उसळतं. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालून वेळेवर उतरवतं. आवरणारंच गैरहजर, त्यामुळे अस्तर वाढत राहतं आणि कधीतरी बेशिस्तपणे सुटतं. दोन महिने काही नाही आणि मग १२ दिवस धो धो, त्याचं कारण हे. छाती दुखरी होणं, अर्धशिशी वाढणं हेही इस्ट्रोजेनच्या चढउतारांचं काम. 'इस्ट्रोजेन कमी झालं' हे वर्णन पाळी गेल्यानंतरच्या काळाला लागू पडतं, आधीच्या काळाला नाही. सगळा घोळ या एका गैरसमजातून होतो असं माझं मत आहे.

मोजपट्टी
मी फक्त रक्तस्राव मोजण्याबद्दल लिहितो. 'खूप जातं' या शब्दाला दवाखान्यात काही अर्थ नसतो. एकीचं खूप हे दुसरीचं नेहमीचं असतं.

सोपी गुणपद्धत आहे. पॅड नुसता डागाळला तर १ गुण, मध्यम भिजला तर ५, पूर्ण भिजला तर २०. लहान गुठळी १, मोठी गुठळी ५. सगळ्या दिवसांची बेरीज करायची. १०० च्या वर गेली तर रक्त साधारण ८० मिलीच्या वर गेलं, आणि ८० मिली ही 'जास्त'ची जुनी रेषा आहे. उदाहरण : दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण भिजलेले ३-३ पॅड म्हणजे तिथेच १२० झाले. बाकीचे दिवस मोजायचीही गरज नाही.

यात दोन गफलती होतात. एक, जाड, जास्त शोषणाऱ्या पॅडला हे गुण जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यात दुप्पट मावतं आणि बेरीज खोटी कमी येते. दोन, कप वापरत असाल तर मिलीच्या रेषा थेट वाचता येतात, पण कपातलं सगळं रक्त नसतं. स्राव आणि अस्तर धरून साधारण निम्मंच रक्त असतं. त्यामुळे कपात १०० मिली दिसले म्हणून लगेच घाबरू नका, आणि २५० दिसले तर थांबूही नका.

आकडे नको असतील तर ही लक्षणं पुरेशी आहेत : तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागणं, रात्री उठून बदलावा लागणं, दोन पॅड एकावर एक लावावे लागणं, नाण्याहून मोठ्या गुठळ्या, ७ दिवसांच्या वर चालणं. आणि दर तासाला पॅड पूर्ण भिजतोय, असं सलग काही तास चाललंय, जोडीला चक्कर किंवा धाप आहे, तर त्याच दिवशी जायचं. अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

निर्गुडी
+१. शिवाय या वयात जास्त जातंय म्हणजे फक्त 'वयामुळे' असं धरू नये. फायब्रॉइडच्या गाठी, पॉलिप, ॲडिनोमायोसिस (अस्तर स्नायूत शिरणं), थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं आणि अस्तराचा कर्करोग ही सगळी मंडळी याच वयात हजेरी लावतात.

साधारण क्रम असा असतो. पाळी लांबली असेल तर आधी गर्भ आहे का ते तपासायचं. ४७ व्या वर्षी हसू येतं, पण चाचणी पाच मिनिटांची आहे. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), गरज वाटली तर टीएसएच (थायरॉइडची चाचणी). मग सोनोग्राफी, शक्यतो योनीमार्गातून केलेली, कारण पोटावरून अस्तर नीट दिसत नाही. वय ४५ च्या पुढे आणि रक्तस्राव बिघडलेला, तर डॉक्टर बहुधा अस्तराचा तुकडा तपासायला घेतील. ही बायोप्सी ओपीडीत बारीक नळीने काही मिनिटांत होते, पाळीच्या कळांसारखं दुखतं. तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का, ते आधीच विचारून ठेवा.

अस्तराच्या जाडीबद्दल एक गोंधळ कायम दिसतो. ४ मिमीची मर्यादा आहे ती पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर रक्त दिसलं तर. तेव्हा ४ किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी, जास्त असेल तर बायोप्सी. पाळी चालू असताना अस्तर दर आठवड्याला बदलतं. चक्राच्या शेवटी १२-१४ मिमी असणं नेहमीचं आहे. तो आकडा रिपोर्टवर वाचून रात्र जागून काढू नका.

कातरवेळचं वाक्य पुढे नेते : पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्यांपैकी साधारण ९ टक्के स्त्रियांत अस्तराचा कर्करोग निघतो. म्हणजे दहातल्या नऊजणींना तो नसतो. योनीचा कोरडेपणा, पॉलिप अशी कारणं निघतात. पण उरलेल्या एकीला तो लवकर कळला तर उपचार फार चांगले लागू पडतात. म्हणून एकच थेंब असला तरी दाखवायचं.

पारंबी
एवढं सगळं करण्यापेक्षा पिशवी काढून मोकळं व्हावं, असं सरसकट ऐकायला मिळतं. त्याबद्दल?

निर्गुडी
@पारंबी, कधी कधी तेच योग्य असतं, पण पहिली पायरी म्हणून नाही. पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले तर पाळी थांबते, मेनोपॉज नाही. वाफा (हॉट फ्लॅश), घाम, कोरडेपणा आपापल्या वेळी येणारच, उलट थोडं आधी येण्याची शक्यता वाढते. बीजकोशही काढले तर त्याच दिवशी मेनोपॉज, आणि एकदम आल्यामुळे त्रास जास्त. 'पिशवीबरोबर तेही काढून टाकू' असं कुणी म्हटलं तर 'का?' हे विचारायचंच. पन्नाशीच्या आत विनाकारण काढले तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो.

मधल्या पायऱ्या अशा.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड : १ ग्रॅम दिवसातून ३ वेळा, जास्त जायला लागल्या दिवसापासून ४-५ दिवस, पुढे नाही. रक्तस्राव साधारण ४० ते ५० टक्के कमी होतो. लोक चुकतात ते असं : 'लागेल तशी' एखादी गोळी घेतात, आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणतात. पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झालेली असेल, किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

मेफेनॅमिक ॲसिड : ५०० मिग्रॅ ३ वेळा, जेवणानंतर. दुखणंही कमी होतं, पण रक्त कमी करायला वरच्याइतकं जोरदार नाही. ॲसिडिटी, अल्सर असणाऱ्यांनी टाळावं.

नॉरएथिस्टेरॉन : चालू असलेला जोराचा स्राव थांबवायला साधारण ५ मिग्रॅ ३ वेळा, १० दिवस देतात. गोळ्या संपल्यावर २-४ दिवसांनी रक्त येतं. ते येणारच असतं, अस्तर उतरत असतं. 'गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा सुरू झालं' म्हणून स्वतःच्या मनाने दुसरं पाकीट सुरू करणं ही या औषधातली सर्वांत नेहमीची चूक.

हार्मोनची आययूडी (गर्भाशयात बसवायचं साधन), ५२ मिग्रॅ लिव्होनॉर्जेस्ट्रेलवाली : माझ्या मते या वयासाठी सगळ्यांत कमी कटकटीची. अस्तर पातळ ठेवते, रक्तस्राव ९० टक्क्यांपर्यंत कमी करते, गर्भनिरोधही होतो. पहिले ३ ते ६ महिने मात्र रोज थोडे थोडे डाग पडतात. हे आधी सांगितलेलं नसतं, आणि मग तिसऱ्या महिन्यात वैतागून काढून घेतली जाते.

मोजपट्टी
त्यात लोहाचं राहिलं. हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून सुटलो असं नाही. फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे कोठार रिकामं. दम लागणं, केस गळणं, गळून गेल्यासारखं वाटणं हे सगळं 'मेनोपॉज'च्या खात्यावर टाकलं जातं आणि लोह कुणी बघतच नाही. गोळी दिवसातून एकदाच किंवा एक दिवसाआड, शक्यतो रिकाम्या पोटी. दिवसातून तीनदा घेतल्याने जास्त शोषलं जात नाही, कारण एका डोसनंतर शरीर हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं हार्मोन) वाढवून दार लावून घेतं. चहा, कॉफी, कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोनेक तास लांब. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही आणखी ३ महिने चालू ठेवायची, कोठार भरायला तेवढे लागतात.

अबोली४७
एफएसएच तपासून 'किती राहिलं' ते कळत नाही का? लॅबच्या पॅकेजमध्ये असतं.

लोलक
४५ च्या पुढे आणि लक्षणं नेहमीची असतील तर नाही. या महिन्यात ४०, पुढच्या महिन्यात ९, असं ते उड्या मारतं. जास्त आलं म्हणून पाळी गेली असं नाही, पुढच्या आठवड्यात बीज फुटू शकतं. निदान वय, चक्रं आणि लक्षणं यांवरच होतं.

चाचणीचा उपयोग तीन ठिकाणी. ४० ते ४५ मध्ये पाळी बिघडली असेल तर. ४० च्या आत थांबली असेल तर, तिथे २५ च्या वर आलं की गंभीरपणे घेतात, शंका असेल तर ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा करतात. अशा स्त्रियांना नेहमीच्या मेनोपॉजच्या वयापर्यंत हार्मोन देणं हा उपचारच आहे, हौस नाही. आणि तिसरं, हार्मोनच्या आययूडीमुळे पाळीच येत नसेल तर. पन्नाशीनंतर एफएसएच ३० च्या वर आलं तर आणखी एक वर्ष गर्भनिरोध, मग थांबवता येतो. एकत्रित हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना मात्र ही चाचणी निरर्थक.

पारंबी
गर्भनिरोधाचा नियम वेगळा लिहून ठेवते, सारखा विचारला जातो. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी असेल तर त्यानंतर २ वर्षं, पन्नाशीनंतर असेल तर १ वर्ष. ५५ झाल्यावर बहुतेकींना थांबवता येतो. एचआरटी (मेनोपॉजच्या त्रासासाठी बाहेरून हार्मोन देण्याचा उपचार) म्हणजे गर्भनिरोध नव्हे, त्यातले डोस बीज फुटणं थांबवायला पुरत नाहीत. आणि पस्तिशीनंतर धूम्रपान, किंवा डोळ्यांपुढे चमका येणारी अर्धशिशी असेल तर एकत्रित गोळी नको, पक्षाघाताचा धोका वाढतो.

रातराणी
वाफांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. छातीतून मानेकडे चढणारी धग, १ ते ५ मिनिटं, मग घाम, मग हुडहुडी. मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राची सहनशीलता इस्ट्रोजेन उतरल्यावर आखडते. अर्ध्या अंशाची वाढही त्याला 'गरम झालं' वाटते, आणि ते सगळ्या खिडक्या उघडतं. एका मोठ्या अमेरिकन पाहणीत हा त्रास सरासरी ७.४ वर्षं चालल्याचं दिसलं. तेव्हा 'सहा महिन्यांत जाईल' असं कुणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

एचआरटी सगळ्यांत परिणामकारक. २००२ साली वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष आले आणि जगभर लोकांनी घाबरून ती बंद केली. पण त्या अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, आणि औषधं तोंडावाटे घ्यायची, जुन्या प्रकारची होती. स्तनाच्या कर्करोगाची वाढ दिसली ती एकत्रित गोळीत, दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला साधारण ८ जास्त. आज साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षांच्या आत, त्रास असलेल्या निरोगी स्त्रीला बहुधा फायदा जास्त, असं धरतात.

तपशील : पिशवी असेल तर इस्ट्रोजेन एकटं कधीही नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. इस्ट्रोजेन पॅच किंवा जेलमधून घेतलं तर नेहमीच्या डोसमध्ये गुठळ्यांचा धोका वाढत नाही, गोळीने वाढतो. पाळी अजून येत असेल तर मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन २०० मिग्रॅ महिन्यातले १२ ते १४ दिवस, पाळी गेल्यावर १०० मिग्रॅ रोज. झोपतानाच घ्यायचं, गुंगी येते. जेल कोरड्या त्वचेवर, दंडावर किंवा मांडीवर, छातीवर नाही, आणि वाळेपर्यंत लहान मूल कडेवर घ्यायचं नाही. निष्कर्ष काढायला ३ महिने द्या. सुरुवातीचे ३ ते ६ महिने डाग पडू शकतात, त्यापुढेही पडत राहिले तर तपासणी.

स्तनाचा कर्करोग झालेला, कारण न कळलेला रक्तस्राव, यकृताचा चालू आजार, पूर्वीची गुठळी किंवा पक्षाघात : यांत डॉक्टर बहुधा नाहीच म्हणतील, किंवा फार जपून देतील.

लोलक
हार्मोन नको किंवा चालत नाहीत त्यांच्यासाठी : व्हेनलाफॅक्सिन ३७.५ ते ७५ मिग्रॅ, कमी डोसचं पॅरॉक्सेटिन, रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटिन. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) चालू असेल तर पॅरॉक्सेटिन नको, ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतं. फेझोलिनेटंट हे नवं औषध मेंदूतल्या त्याच केंद्रावर काम करतं. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण घेताना यकृताच्या चाचण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्लॅक कोहोश या वनस्पतीचे पुरावे डळमळीत, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आणि रात्री घाम येतोय, पण ताप आहे, वजन उतरतंय, गाठी लागतायत, तर तो मेनोपॉज नाही. छातीत धडधडतंय तर एकदा ईसीजी काढावाच.

निर्गुडी
कोरडेपणा. वाफा कधीतरी जातात, हा मात्र उपचाराशिवाय वाढतच जातो, आणि सगळ्यांत कमी बोललं जातं ते याबद्दल. जळजळ, संबंधात दुखणं, वारंवार लघवीचा संसर्ग, ही एकाच गोष्टीची तीन तोंडं. मॉइश्चरायझर आठवड्यातून २-३ वेळा नियमित, ल्युब्रिकंट त्या वेळेपुरतं, हे दोन वेगळे आहेत. तेलकट पदार्थाने लेटेक्सचा कंडोम फाटतो. योनीत ठेवायची इस्ट्रॅडिओलची १० मायक्रोग्रॅमची गोळी २ आठवडे रोज, मग आठवड्यातून २ वेळा, आणि चालूच ठेवायची. बरं वाटलं म्हणून बंद केली की दोन-तीन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. रक्तात इतकं कमी जातं की सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

मोजपट्टी
हाडांचं थोडक्यात. झीज शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधी वेग घेते, आणि नंतरची दोन वर्षं सर्वांत जोरात असते. म्हणजे पाळी 'गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १२०० मिग्रॅ कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ६०० ते ८०० युनिट, आणि वजन उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा. नुसतं चालणं हृदयाला चांगलं, मनगटाच्या हाडाला त्याचा काही उपयोग नाही.

अबोली४७
शेवटची शंका. ८ महिने पाळी नाही, पण दर महिन्याला पोटात कळा आणि छाती दुखरी, मग एकदम पुसट तपकिरी डाग. मोजणी?

कातरवेळ
शून्यापासून. बीजकोश अजून कामावर आहेत. तारीख टाकून ठेव, रंग आणि किती दिवस तेही लिही. पुढच्या वेळी डॉक्टर तेच विचारतील.